वजन, हॉर्मोन आणि जीन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. घरच्या कार्यात हे कुणाला कळलं की पंगत उठायच्या आत प्रश्न सुरू होतात, थायरॉईडने वजन वाढतं ना गं, आमच्या घराण्यातच जाडी आहे त्याला कोण काय करणार, ती डीएनए टेस्ट करून घेऊ का, आणि उत्तर अर्धं झालं की मठ्ठा वाढणारा येतो आणि विषय तिथेच राहतो. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही, गोळी चालू करायची की बंद ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

एका वाक्यात सांग, वजन जीन्समुळे वाढतं की खाण्यामुळे?

खाण्यामुळे, पण किती खाल्ल्यावर "बास" वाटणार आणि जास्तीचं खाल्लेलं किती अंगी लागणार यात जीन्सचा हात बराच मोठा आहे.

१९९० साली कॅनडातल्या क्लॉड बुशार यांच्या टीमने एक प्रयोग छापला तो मी दरवर्षी वर्गात सांगते. एकसारख्या जुळ्या तरुण मुलांच्या १२ जोड्या घेतल्या आणि प्रत्येकाला आठवड्यातले ६ दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या, असे एकूण ८४ दिवस. सगळ्यांना जास्तीचं तेवढंच, हिंडणंफिरणंही बेतलेलं. शेवटी सरासरी ८.१ किलो वाढलं, पण कुणाचं ४.३ आणि कुणाचं थेट १३.३. आणि गंमत अशी की एका जोडीतले दोघे भाऊ जवळपास सारखेच वाढले, दोन वेगळ्या जोड्यांमधला फरक मात्र एका जोडीतल्या फरकाच्या तिप्पट. त्याच वर्षी स्वीडनमधल्या जुळ्यांचा एक अभ्यास आला, लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरी वाढलेली जुळी, तरी मोठेपणी त्यांची वजनं एकमेकांशी चांगलीच जुळत होती. म्हणजे "आमच्या घराण्यातच आहे" म्हणणारी माझी आत्या अगदीच चुकीची नाही. जीन्स आल्या म्हणून पोह्यांवर दोन मुठी शेव मारायला हरकत नाही, हे तिचं पुढचं वाक्य मात्र चुकीचं आहे.

जीन्समुळे मेटाबोलिझम स्लो होतो असंच ना?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. वजनाशी संबंध असलेल्या जीन्स शोधायला लागल्यावर सगळ्यांना वाटलं होतं की कॅलरी जाळणाऱ्या पेशींमध्ये काहीतरी सापडेल, सापडलं ते बरंचसं मेंदूत, भुकेच्या यंत्रणेत.

आमच्याच घरचं सांगते. होळीला आई पुरणपोळ्या करते. माझी बहीण दीड पोळी खाते आणि ताट सरकवते, म्हणते आता बघवतसुद्धा नाही. मी दुसरी पोळी तुपात बुडवत असताना तिसरीचा विचार करत असते. तिला लोक "किती संयम आहे हिचा" म्हणतात. संयम कसला, तिला नकोच असते! ज्याला भूकच नाही त्याला संयम लागतो कशाला?

हॉर्मोनचं मेटाबोलिझम म्हणजे मग काय?

हॉर्मोन शरीरात तयार होऊन तसंच्या तसं कामाला लागतं असं नसतं. आधी ते बनतं, बऱ्याचदा मोठ्या लांब रूपात, मग ते कापलं जातं, कधी एका रूपातून दुसऱ्यात बदललं जातं, मग ज्या पेशीला निरोप द्यायचा तिच्यावरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि शेवटी मोडून बाहेर टाकलं जातं. या प्रत्येक टप्प्याला एकेक प्रोटीन लागतं आणि प्रत्येक प्रोटीनची एक जीन. तुमच्या-माझ्या जीन्समध्ये कुठे एखादं अक्षर वेगळं असतं, त्यामुळे कुणाचा एक टप्पा जरा जोरात चालतो कुणाचा जरा हळू. बहुतेक वेळा काही फरक पडत नाही, कधी थोडा पडतो, आणि फार क्वचित एखादा टप्पा पूर्ण बंदच पडतो. हे क्वचितवालेच आधी बघू कारण सगळी यंत्रणा समजली ती त्यांच्यामुळेच.

लेप्टिन हे नाव ऐकलंय, ते काय प्रकरण आहे?

अमेरिकेत मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी आहे, उंदरांसाठी प्रसिद्ध. तिथे १९४९ मध्ये एका पिंजऱ्यात एक भलताच गोल उंदीर सापडला, सारखा खायचा, बाकीच्यांच्या तिप्पट वजनाचा. पुढे १९६६ च्या सुमाराला असाच पण वेगळ्या जीनमुळे जाड झालेला दुसरा उंदीर मिळाला. डग्लस कोलमन यांनी मग एक जरा अंगावर काटा आणणारा प्रयोग केला, दोन उंदरांची कातडी शिवून त्यांचं रक्त एकमेकांत फिरेल असं केलं. पहिल्या जातीचा जाड उंदीर साध्या उंदराला जोडला तर त्याचं खाणं कमी झालं, तो बारीक व्हायला लागला. दुसऱ्या जातीचा जोडला तर तो तसाच जाड, उलट बिचारा साधा उंदीर खाणं सोडून उपाशी मेला. यावरून कोलमन म्हणाले की रक्तात "पुरे आता" सांगणारं काहीतरी आहे, पहिल्याला ते बनवता येत नाही, दुसऱ्याला भरपूर बनवता येतं पण ऐकू येत नाही.

ते "काहीतरी" हातात यायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ती जीन शोधली आणि हॉर्मोनला नाव दिलं लेप्टिन, ग्रीक भाषेत लेप्टॉस म्हणजे बारीक. हे हॉर्मोन चरबीच्या पेशींतूनच येतं. तोवर चरबी म्हणजे नुसतं कोठार असं पुस्तकात शिकवायचे, ती पण हॉर्मोन सोडणारी ग्रंथी निघाली.

माणसाचं काय असं विचारणाऱ्यांना १९९७ मध्ये उत्तर मिळालं. केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली आणि सदाफ फारुकी यांच्याकडे इंग्लंडमधल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्यातली मुलं होती, ८ वर्षांची मुलगी ८६ किलोची आणि २ वर्षांचा मुलगा २९ किलोचा. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. अशा मुलांची भूक म्हणजे आपली भूक नाही हं, जेवून उठल्यावर पाच मिनिटांत परत रडारड, आणि अशा घरातल्या आयांना लोक "तुम्हीच लाडावलंय" म्हणतात. पुढे एका ९ वर्षांच्या मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं, तेव्हा तिचं वजन ९४.४ किलो होतं. दोन आठवड्यांत उतरायला लागलं आणि वर्षभरात १६.४ किलो गेलं, जवळपास सगळी चरबीच. डाएट प्लॅन नाही, कुणी ओरडलं नाही, भूक आपोआप माणसासारखी झाली.

मग लेप्टिनची इंजेक्शनं सगळ्यांनाच का देत नाहीत?

दिली की! कंपन्यांनाही हेच वाटलं होतं, अ‍ॅमजेनने हक्कांसाठी रॉकफेलरला २ कोटी डॉलर मोजले होते. पण साध्या लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त. वरून अजून दिलं तर १९९९ च्या ट्रायलमध्ये फरक जेमतेमच पडला. ऐकू येतंय पण मेंदू मनावर घेत नाही, अशी अवस्था.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, लेप्टिन "जास्त झालं" सांगण्यापेक्षा "कमी झालं" सांगण्यात पटाईत आहे. चरबी घटली की लेप्टिन पडतं आणि मेंदूला वाटतं दुष्काळ आला. यावर खाली परत येते.

लेप्टिन पोचल्यावर पुढे काय होतं?

मेंदूच्या तळाला हायपोथॅलॅमस म्हणून भाग आहे, तिथल्या काही पेशी लेप्टिन आलं की पीओएमसी नावाचं एक लांबलचक प्रोटीन बनवतात. हे म्हणजे कापडाचा अख्खा तागा, अंगात घालता येत नाही. शिंपी लागतो. पीसीएसके१ नावाचं एन्झाइम ही कात्री, ते तागा कापतं आणि त्यातल्या एका तुकड्यापासून भूक थांबवणारं हॉर्मोन बनतं, ते जाऊन एमसी४आर नावाच्या रिसेप्टरला चिकटतं. तेव्हा कुठे आपण ताट सरकवतो.

यात कुठेही बिघडू शकतं. तागाच नाही, असे पेशंट आहेत. कात्री चालत नाही, असेही आहेत, आणि ही कात्री इन्सुलिनचंही कच्चं रूप कापते त्यामुळे त्यांच्या रक्तात न कापलेलं इन्सुलिन सापडतं, हे कोडं ओराहिली यांनीच १९९० च्या दशकात सोडवलं. पण सगळ्यात जास्त बिघाड शेवटच्या एमसी४आरमध्ये. बाकीच्या दोषांना आई आणि बाबा दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, इथे एकच पुरते. केंब्रिजला खूप लहानपणापासून लठ्ठ असलेल्या ५०० जणांना तपासलं तर ५.८ टक्क्यांत हा दोष निघाला. आणि आजारी-बिजारी न बघता ब्रिटनमध्ये जन्मलेली मुलं सरसकट तपासली तेव्हा साधारण ३४० मागे एकाकडे, आणि ती मुलं १८ व्या वर्षी इतरांपेक्षा सरासरी १८ किलो जड! म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेत असं एखादं मूल असणार, पीटीच्या सरांच्या शिव्या खात.

काहींच्यात हाच रिसेप्टर उलट जास्त जोमाने चालतो. त्यांना लठ्ठपणा आणि डायबेटिस दोन्हीचा धोका कमी. माझ्या बहिणीला तपासायला हवं.

माझ्या मुलाला असं काही असेल का? टेस्ट करावी का?

मूल गोलमटोल आहे एवढ्यावरून नाही. ५ वर्षांच्या आतच वजन फार वाढलंय आणि भूक नुसती जास्त नाही तर विचित्र आहे, म्हणजे रात्री उठून खाणं, डब्यातलं चोरणं, कचऱ्यातलं उचलणं, अशा वेळी मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांना, दाखवा आणि जेनेटिक टेस्टचं विचारा. जन्मल्यावर मूल अगदी ढिलं होतं, दूध ओढत नव्हतं आणि दोन-तीन वर्षांनी भूक सुटली, तर प्रॅडर-विली सिंड्रोम हा जन्मजात आजार आहे का ते बघतात. पुस्तकात पीओएमसीवाल्यांचे केस लाल असतात असं वाचाल, पण मुळात काळ्या केसांच्या लोकांत ते तसे दिसतीलच असं नाही, केस काळे म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि एक गोष्ट आपल्याकडे लोक डॉक्टरांनाही सांगत नाहीत. मामाची मुलगी करणं, आत्याच्या घरी मुलगी देणं हे महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत अजून आहे. नात्यात लग्न झालं की एकाच आजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी मुलात यायची शक्यता वाढते. हे लपवू नका, डॉक्टरांना त्यावरूनच दिशा मिळते.

टेस्टचा उपयोग आता खरंच आहे. सेटमेलॅनोटाइड नावाचं इंजेक्शन अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झालं, ते वरचे टप्पे सोडून थेट एमसी४आरवर काम करतं, पीओएमसी, पीसीएसके१ आणि लेप्टिनच्या रिसेप्टरचा दोष असलेल्यांसाठी. तुमच्या-माझ्यासाठी नाही ते.

एफटीओ म्हणजे फॅट जीन ना?

पेपरवाल्यांनी ठेवलेलं नाव. २००७ मध्ये युरोपातल्या हजारो लोकांत सापडली, जोखमीच्या दोन्ही प्रती असलेली माणसं एकही नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलो जड. फक्त ३. आणि तिथल्या गोऱ्या लोकांत १६ टक्के लोकांकडे दोन्ही प्रती होत्या, म्हणजे हा काही आजार नाही.

हॉर्मोनशी संबंध असा की पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं भुकेचं हॉर्मोन वाढतं आणि जेवलं की पडतं. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की एफटीओच्या दोन्ही जोखमीच्या प्रती असलेल्या पुरुषांत ते जेवणानंतर हवं तसं पडत नाही. जेवण झालं, हात धुतले, तरी नजर फरसाणच्या डब्यावर. पण एफटीओच्या बाबतीत एवढंच आहे असं समजू नका, २०१५ मध्ये आलेलं काम म्हणतं की ती जागा शेजारच्या दुसऱ्याच जीन्सची चावी आहे आणि त्या जीन्स चरबीची पेशी साठवणारी होणार की जाळणारी ते ठरवतात. वाद चालू आहे.

माझा टीएसएच वाढलाय, त्यामुळेच वजन वाढतंय ना?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉईड ग्रंथीला "हॉर्मोन बनव" सांगणारा निरोप, ग्रंथी कमी पडली की तो वाढतो. थायरॉईड खरंच कमी असेल तर वजन वाढतं, पण साधारण २ ते ५ किलो, आणि त्यातलंही बरंच पाणी आणि मीठ. १५-२० किलो थायरॉईडच्या नावावर टाकायचे म्हणजे जरा अन्याय आहे त्या ग्रंथीवर. उलटंही होतं, वजन वाढलं की त्यामुळेच टीएसएच थोडा वर सरकतो, कारण थायरॉईडवर हुकूम चालवणाऱ्या मेंदूतल्या साहेबालाही लेप्टिन डिवचतं, आणि वजन उतरलं की बऱ्याच जणांचा टीएसएच आपोआप खाली येतो. माझाच ६.८ आला होता आणि मी सगळ्यांना ऐकवत फिरले होते, बघा माझी चूक नव्हती. टी४, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हॉर्मोन, अगदी नॉर्मल होता. गप्प बसले.

जीन्सचा भाग इथेही आहे. ग्रंथीतून निघतं ते मुख्यतः टी४, म्हणजे कच्चा माल. अवयवांमध्ये डिआयोडिनेज नावाची एन्झाइम्स त्यातला आयोडिनचा एक अणू काढतात आणि खरं काम करणारं टी३ बनतं, शरीरातलं साधारण ८० टक्के टी३ असंच ग्रंथीबाहेर बनतं. यातल्या डीआयओ२ या एन्झाइममध्ये एक फरक पुष्कळ लोकांत असतो. २००२ च्या सुमाराला तो इन्सुलिन रेझिस्टन्सशी, म्हणजे शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही त्या अवस्थेशी, जोडला गेला, नंतरच्या अभ्यासांत कधी दिसला कधी नाही. नेटवर "तुमचा टी४चा टी३ होत नाही, आमचा कोर्स घ्या" म्हणणारे याच धाग्यावर पतंग उडवतात. या टेस्टवर पैसे घालू नका असं माझं मत.

टेन्शनने पोट सुटतं म्हणतात, कॉर्टिसोल या हॉर्मोनमुळे. खरं?

थोडं. कॉर्टिसोल रक्तात किती आहे यापेक्षा चरबीच्या आत किती तयार होतंय हे इंटरेस्टिंग आहे. शरीर कॉर्टिसोलला कॉर्टिसोन करून झोपवून ठेवतं, आणि ११-बीटा-एचएसडी१ हे एन्झाइम त्याला परत जागं करतं, यकृतात आणि चरबीत. २००१ मध्ये असे उंदीर बनवले की ज्यांच्या फक्त चरबीत हे एन्झाइम जास्त, रक्तातलं कॉर्टिसोलसारखं हॉर्मोन नॉर्मल, तरी त्यांची पोटं सुटली आणि साखर बिघडली. मग कंपन्या ते एन्झाइम बंद करणाऱ्या गोळ्यांच्या मागे लागल्या, माणसात वजन उतरलं ते किरकोळ. उंदरात चाललं म्हणून आपल्यात चालतं असं नाही, हे या क्षेत्रात पन्नासदा सिद्ध झालंय.

पण चेहरा गोल झालाय, पोटावर जांभळट रेघा आल्यात, हातपाय बारीक होताहेत आणि जरा लागलं की काळंनिळं पडतंय असं असेल तर लगेच दाखवा, तो कुशिंग, म्हणजे कॉर्टिसोल फार वाढल्याचा आजार, असू शकतो. आणि गुडघेदुखीवर कुणी बिनलेबलाच्या "जडीबुटी"च्या पुड्या देत असेल तर त्यात स्टेरॉईड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आपल्याकडे वारंवार होतात. माझ्या एका मावशीचा चेहरा सहा महिन्यांत असा भरला की सगळे "तब्येत सुधारली" म्हणत होते.

पीसीओडीमुळे वजन वाढतं की वजनामुळे पीसीओडी?

दोन्ही, पण बाण वजनाकडून पीसीओडीकडे जास्त जाड आहे. वजन वाढवणाऱ्या जीन्स ज्यांच्याकडे जास्त त्यांना पीसीओडीचा धोकाही जास्त, हे जीन्सच्या अभ्यासातून बऱ्यापैकी पक्कं झालंय. इन्सुलिन जास्त राहिलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं, हे प्रोटीन पुरुषी हॉर्मोनला धरून ठेवतं, ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग हनुवटीवर केस, पाळी लांबणं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी नियमित होते, ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो.

पुरुषांचं काय? आमच्या ह्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी आलंय.

चरबीत अ‍ॅरोमटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. चरबी वाढली की हा कारखाना मोठा होतो. जगात मोजकेच पुरुष असे सापडलेत की ज्यांच्यात जन्मतः हे एन्झाइमच नाही, आणि सगळ्यांना वाटेल ते पिळदार असतील, पण त्यांची पोटं सुटलेली, इन्सुलिन बिघडलेलं. थोडं इस्ट्रोजेन पुरुषालाही लागतं. ह्यांना आधी कंबर कमी करायला सांगा, जिममधल्या पोराच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेऊ देऊ नका.

आपल्या लोकांचे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, असं का?

यावर जगातलं सगळ्यात चांगलं काम पुण्यात झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण बारकाईने मोजलं तर आपल्या बाळांचे स्नायू, डोकं, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं जाड बाळ! २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त धरतात आणि कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. टेप बेंबीपाशी लावा आणि पोट आत ओढू नका.

यात जीन्स किती आणि आईच्या पोटात असताना मिळालेलं खाणं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांत २००८ मध्ये एमसी४आरच्या जवळचा एक फरक कंबरेच्या घेराशी जोडला गेला आणि तो आपल्यात युरोपियनांपेक्षा जास्त आढळतो. पुण्याच्याच टीमने २००९ मध्ये दाखवलं की युरोपात एफटीओ डायबेटिस करते ती वजन वाढवून, आपल्यात वजनाचा हिशेब बाजूला काढला तरी थोडा संबंध उरतोच. म्हणजे युरोपचे आकडे इकडे जसेच्या तसे लावून चालत नाही.

थुंकी पाठवून डीएनए डाएट टेस्ट करतात, ती करू का?

मी केलीय, उत्सुकता म्हणून. कंपनीचं नाव सांगत नाही. गुळगुळीत कागदावर रिपोर्ट आला, एफटीओ "हाय रिस्क", पुढे लिहिलेलं तुम्ही लो कार्ब घ्या, ग्रिल्ड सॅमन आणि ब्लूबेरी खा. मी शाकाहारी, राहते सांगलीत. बहिणीचाही करून घेतला, तिचं रिस्क "लो", खाली तोच सॅमन.

यावर चांगली परीक्षा होऊन गेलीय. स्टॅनफर्डने २०१८ मध्ये ६०९ जणांना वर्षभर कुणाला लो फॅट तर कुणाला लो कार्ब दिलं, आणि आधीच त्यांच्या जीन्सवरून कुणाला काय मानवेल ते लिहून ठेवलं. वर्षाने लो फॅटवाल्यांचं ५.३ किलो आणि लो कार्बवाल्यांचं ६ किलो उतरलं, आणि "जीन्सला जुळणारं" डाएट मिळालं होतं त्यांना काहीही वेगळा फायदा नाही. दोन्ही गटांत कुणाचं भरपूर उतरलं, कुणाचं उलट वाढलं. तेवढ्या पैशात वर्षभराची चांगली ज्वारी येते.

उतरवलेलं वजन परत का येतं? माझं तीनदा झालंय.

वर म्हटलं होतं ना, लेप्टिनचा दुष्काळ. चरबी घटली, लेप्टिन पडलं, मेंदू भूक वाढवतो आणि खर्च आवरतो. अमेरिकेतल्या एका टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना ६ वर्षांनी परत तपासलं, बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, तरी त्यांचं शरीर हिशेबापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. ५०० म्हणजे एक व्यवस्थित जेवण झालं. इतकं सोसून जो दोन वर्षं वजन टिकवतो त्याला मी मनातून नमस्कार करते.

वजन उतरवायची ती नवीन इंजेक्शनं जीन्सवर काम करतात का?

जीन्सवर नाही, हॉर्मोनच्या मेटाबोलिझमवरच केलेली युक्ती आहे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ सुटतं, ते मेंदूला पोट भरल्याचं सांगतं, पण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला एक-दोन मिनिटांतच मोडून टाकतं. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनमध्ये त्याचाच रेणू असा बदललाय की मोडायला आठवडा लागतो. मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, आणि बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं, कारण भुकेची मूळची यंत्रणा तिथेच आहे. टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारो, हे तसंच दुसरं इंजेक्शन भारतात मार्च २०२५ ला आलं. कुणाला जास्त लागू पडतं कुणाला कमी, त्यात जीन्सचा थोडा वाटा दिसतोय, पण टेस्ट करून निवडावं इतका नाही. मैत्रिणीचा उरलेला पेन वापरू नका, हे हसण्यावारी नेऊ नका, लोक करतात.

जीन्सच वाईट असतील तर चालायला जाऊन काय उपयोग?

आहे. २ लाख १८ हजार लोकांचा डेटा एकत्र केला तेव्हा जे अंग हलवतात त्यांच्यात एफटीओचा जोर एक चतुर्थांशाहून जास्त कमी दिसला. आणि अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या माणसांत १९४२ च्या आधी जन्मलेल्यांमध्ये एफटीओचा वजनाशी संबंधच दिसत नव्हता, नंतर जन्मलेल्यांमध्ये स्पष्ट. जीन तीच. माझ्या आजीकडेही बहुधा माझ्यासारखीच जीन असेल, पण ती रोज विहिरीवरून पाणी आणायची आणि घरात बिस्किटाचा पुडा फक्त पाहुणे आले की फुटायचा.

आमचा लॅब्रॅडॉर जाड आहे, त्याचंही हॉर्मोन बघायचं का?

हसू नका, हा खरा प्रश्न आहे, आमच्याच बिल्डिंगमधल्या काकांनी विचारलेला. २०१६ मध्ये केंब्रिजच्या टीमने दाखवलं की साधारण दर चार लॅब्रॅडॉरमागे एकाच्या पीओएमसी जीनमधली १४ अक्षरं गायब असतात, तोच वरचा कापडाचा तागा, अपुरा विणलेला. अशी कुत्री सरासरी २ किलो जड आणि सतत खायला मागणारी. अपंगांना मदत करणाऱ्या ट्रेनिंग दिलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये तर तीन चतुर्थांश कुत्र्यांत ती निघाली, बहुधा खाऊच्या आशेने ती लवकर शिकतात म्हणून त्यांचीच निवड होत गेली. काकांना हे सगळं जिन्यात उभं राहून सांगितलं, तेवढ्यात त्याने माझ्या भाजीच्या पिशवीत नाक घालून गाजर पळवलं. काका म्हणाले, "म्हणजे बिचाऱ्याला खरंच भूक लागते तर. मग रात्रीची तूप-पोळी चालू ठेवू ना?" नाही काका. गाजर चालेल.